एका स्लाइडला उंबरठा नसतो

३ फेब्रुवारी

ती. मामा,

नमस्कार आत्ता कागदावरच मानून घ्या. आले की वाकून करीन.

कामापुरतीच आठवण काढते आहे हे आधीच कबूल करते, म्हणजे मामीचा टोमणा वाचेल. आमच्या रक्तपेढीत गेल्या महिन्यात, एका रविवारी दुपारी, मोठ्या फ्रीजचं दार नीट मिटलं नाही. तापमान सहा अंशांच्या वर जायला नको, ते अकरावर गेलं. दोनशे बारा पिशव्या रक्त टाकून द्यावं लागलं आणि दोन शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. कोणाच्या जिवावर बेतलं नाही, एवढंच समाधान. आता चौकशी समिती बसली आहे. विभागप्रमुख म्हणून समितीपुढे सगळं मांडायचं काम माझ्याकडे आलं आहे. तारीख बारा मार्च.

त्या दुपारी आमचे सर्वांत जुने तंत्रज्ञ कामावर होते. त्यांना सगळे 'पारा' म्हणतात. तापमानाची वही घेतल्याशिवाय हा माणूस चहालासुद्धा उठत नाही. स्वभाव मात्र अगदी थंड. दार त्यांनी नीट लावलं नाही की दारच बिघडलेलं होतं, एवढ्यावर त्यांची नोकरी राहते की जाते ते ठरणार आहे.

बेचाळीस स्लाइड झाल्या आहेत. चौकशीचे कागद बाहेर पाठवायला परवानगी नाही, म्हणून नुसती यादी देते:

१. घटना – सात स्लाइड
२. फ्रीजची रचना – नऊ
३. पूर्वसूचना – एक
४. तपासणी – अकरा
५. कारणे – आठ
६. उपाय – सहा

भागांच्या मधे ज्या स्लाइड घालतात, नुसतं नाव असलेल्या, त्या कशा कराव्यात? स्लाइडविषयीची तुमची पुस्तिका कुठे ठेवली ते सापडत नाही. तिसऱ्या भागात एकच स्लाइड आहे, तिचं काय करायचं तेही सांगा. तुम्ही सांगाल तसं करीन.

तुमची,
ठकू


९ फेब्रुवारी

चि. ठकू,

आशीर्वाद तर आहेतच, परंतु तुझ्या पत्राने झालेला आनंद आधी नोंदवतो. निवृत्तीला आठ वर्षे झाली. या आठ वर्षांत मला कोणी स्लाइडविषयी एक अक्षर विचारले नव्हते. मामीने पाकीट हातात देताना "घ्या, गिऱ्हाईक आलं" असे म्हटले आणि मी जेवणाचे ताट बाजूला सारून आलेख-कागद शोधायला उठलो. (ताट परत मिळायला वेळ लागला.)

तू जिला मधली स्लाइड म्हणतेस तिला आम्ही प्रशिक्षण संस्थेत 'उंबरठा' म्हणत असू. उंबरठ्यावर कोणी बसत नाही, पण तो ओलांडताना पायाला कळते की एक खोली संपली आणि दुसरी लागली. ऐकणाऱ्याच्या मनालाही हे कळावे लागते. मी एकदा सांडपाण्याच्या नळांवरचे नव्वद स्लाइडचे सादरीकरण ऐकले आहे, त्यात एकही उंबरठा नव्हता. चाळिसाव्या स्लाइडला शेजारचे साहेब माझ्या खांद्यावर झोपले. मी हललो नाही, कारण बढतीचे कागद त्यांच्याकडे होते.

आता क्रमाने सांगतो. सोबत आलेख-कागदावर चौकटी आखून पाठवल्या आहेत, त्या समोर ठेवून वाच.

उंबरठ्याची जमीन इतर स्लाइडपेक्षा वेगळ्या रंगाची हवी, पण सगळ्या उंबरठ्यांची एकच. तुझ्या बाकीच्या स्लाइड पांढऱ्या असतील तर हे गडद निळे घे. लाल घेऊ नकोस. रक्तपेढीच्या माणसाने चौकशीत लाल रंग दाखवणे बरे नव्हे. डाव्या बाजूला भागाचा क्रमांक, चांगला वीतभर. त्याच्या उजवीकडे शीर्षक, एकाच ओळीत. दोन्ही प्रत्येक उंबरठ्यावर तंतोतंत त्याच जागी बसले पाहिजेत, केसभर इकडे-तिकडे नाही. तळाला एक बारीक पट्टी काढ आणि तिचे जितके भाग तितके तुकडे कर. चालू भागाचा तुकडा उजळ, बाकीचे फिके. आता आणखी किती ऐकायचे आहे, हे ऐकणाऱ्याला कळले की तो घड्याळ पाहायचे सोडतो. उंबरठ्यावर चित्र नको, मुद्दे नकोत.

शीर्षकांबद्दल जरा रागावतो. 'कारणे' हे डब्यावर चिकटवायचे नाव झाले. त्यात काय आहे हे डबा उघडेपर्यंत कळत नाही. शीर्षक हा प्रश्न असावा, म्हणजे पुढच्या स्लाइड त्याचे उत्तर होतात. तुझी शीर्षके मी बदलली आहेत:

१. रविवारी काय घडले?
२. फ्रीज कसा चालतो?
३. आम्ही काय तपासले?
४. दार उघडे कसे राहिले?
५. पुन्हा घडू नये म्हणून काय?

पाचच झाले हे तुझ्या लक्षात आले असेल. एका स्लाइडच्या भागाला उंबरठा नसतो. हा माझा सर्वांत जुना नियम. एका स्लाइडसाठी थांबायला लावले की ऐकणारा मोठ्या खोलीची अपेक्षा करतो आणि आत कोनाडा निघतो. ती स्लाइड आधीच्या भागाच्या शेवटी बसव. म्हणजे दुसऱ्या भागात दहा होतील, आकडाही गोल.

शंका असतील तर निःसंकोच विचार. मी मोकळाच आहे.

तुझा,
मामा


२० फेब्रुवारी

ती. मामा,

चौकटी मिळाल्या. इतक्या नेटक्या आहेत की आमच्या संगणकावर काम करणाऱ्या मुलीने त्या काचेखाली ठेवून घेतल्या आणि विचारलं, "हे हाताने काढलंय?"

सगळं तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. निळा रंग घेतला. पट्टी केली. तिसरा भाग मोडला आणि ती स्लाइड दुसऱ्याच्या शेवटी बसवली, सतरावी. सुटसुटीत झालं. मला हलकं वाटलं.

पारा काल टेबलापाशी आले होते. उभेच राहिले.

"बाई, आमचं पण आहे ना काही त्यात?"

"आहे."

"बरं," म्हणाले आणि वहीत चार वाजताचं तापमान लिहायला गेले. त्यांना आता फ्रीजला हात लावू देत नाहीत, लांबून काट्याकडे बघून लिहितात.

दोन शंका आहेत. उंबरठा पडद्यावर असताना मी काय बोलायचं? आणि समितीला हातात काही कागद द्यावा का?

तुमची,
ठकू


२६ फेब्रुवारी

चि. ठकू,

दोन्ही शंका पहिल्या प्रतीच्या आहेत. संस्थेत असतीस तर तुला पहिल्या बाकावर बसवले असते.

उंबरठा पडद्यावर आला की काहीही बोलू नकोस. मनात सावकाश पाचपर्यंत मोज. नवखे वक्ते नेमके तेथेच "तर आता आपण वळूया" वगैरे भरताड घालतात. तू गप्प राहा आणि लोकांना शीर्षक वाचू दे. वाचून झाले की ते आपोआप तुझ्याकडे पाहतील. तेव्हा बोल.

आणि कागद तर अवश्य द्यावा. बेचाळीस स्लाइड छापू नकोस, त्या कोणी उलटत नाही. फक्त पाच उंबरठे एका पानावर छाप, शेजारी टिपणाला मोकळी जागा ठेव. समितीची माणसे घाईत असतात. त्यांच्या हाती तो कागद म्हणजे घराचा नकाशा. कोणत्या खोलीत किती वेळ थांबायचे ते त्यांना ठरवता येते. ही माझी स्वतःची पद्धत आहे, आणि संस्थेत ती इतकी रुळली की पुढेपुढे लोक नकाशावरच निर्णय घेऊ लागले. मला तिचा अभिमान आहे.

मामी मागून वाचते आहे. ती म्हणते, "त्या पाराचं काय होणार ते विचारा की." हिला सगळीकडे आधी माणूस दिसतो. मी तिला सांगितले की मांडणी स्वच्छ झाली की न्याय आपोआप होतो.

तुझा,
मामा


१४ मार्च

ती. मामा,

परवा झालं. तुमचे उंबरठे सर्वांना आवडले. अध्यक्षबाईंनी कागद हातात घेतल्याबरोबर म्हटलं, "असं कोणी करत नाही. छान केलंय." वेळ थोडा होता, म्हणून त्या कागदावर बोट ठेवून पुढे पुढे जात होत्या. दुसऱ्या भागात म्हणाल्या, "फ्रीज कसा चालतो ते आम्हाला साधारण माहीत आहे, तिसऱ्याकडे या." मी तिसऱ्याकडे आले.

निर्णय अजून यायचा आहे.

तुमची,
ठकू


२० मार्च

चि. ठकू,

तुझे पत्र मी तीनदा वाचले आणि अध्यक्षबाईंचे वाक्य मामीला दोनदा ऐकवले. "कळलं, छान केलंय," ती म्हणाली. माझ्या जुन्या सहकाऱ्यालाही फोन करून सांगितले.

परंतु पत्र फारच आखूड आहे. लोक पट्टीकडे पाहत होते का? पाचपर्यंत मोजणे जमले का? सविस्तर लिही. जमल्यास उंबरठ्यांचा तो कागद पाठव. त्यात तर गोपनीय काही नाही.

तुझा,
मामा


१७ एप्रिल

चि. ठकू,

चार आठवडे झाले. मी दररोज पत्रपेटी उघडतो आणि मामी दररोज विचारते, "पाराचं काय झालं?" आता मीही तेच विचारतो. ठीक आहेस ना?

मामा


२४ एप्रिल

ती. मामा,

पारांना दोन एप्रिलला कामावरून कमी केलं. 'दार उघडे राहिले', असं निकालात लिहिलं आहे. 'कामावरील तंत्रज्ञाने दार पूर्ण न मिटल्याने.'

सतराव्या स्लाइडवर काय होतं ते तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. त्यावर तीन चिठ्ठ्या होत्या. फ्रीजच्या दाराचं रबर सैल झालं आहे, दार लावलं तरी परत सुटतं, अशा पारांनी लिहिलेल्या. तीन महिन्यांत तीन. प्रत्येकीच्या तळाशी 'पाहिले' आणि सही. सही माझी आहे.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, पोरीची चूक झाली, नियम आंधळेपणाने पाळला. म्हणून पुढचंही लिहिते. तीन चिठ्ठ्यांच्या तीन स्लाइड होत होत्या. पहिल्या मांडणीत तीनच होत्या. मी त्या बारीक करून एका स्लाइडवर बसवल्या आणि मग तुम्हाला पत्र लिहिलं.

पुस्तिका हरवली नव्हती. पत्र लिहिताना शेजारी उघडी होती. नववीच्या सुट्टीत तुम्ही मला तिची मुद्रितं तपासायला बसवलं होतं, पानाला एक चॉकलेट. अकराव्या पानावरचा नियम मला पाठ आहे: एका स्लाइडच्या भागाला उंबरठा नसतो. तुम्ही काय सांगाल ते मला माहीत होतं. मला ते तुमच्या हातून लिहून हवं होतं, म्हणजे मी लपवलं असं झालं नसतं. मामांनी सांगितलं, असं झालं असतं.

समितीत खोटं एक अक्षर बोलले नाही. अध्यक्षबाई "तिसऱ्याकडे या" म्हणाल्या तेव्हा सतरावी थोडीच पुढे होती. "थांबा, एक बघून घ्या," एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी मी निळ्या स्लाइडवर गेले आणि गप्प राहून पाचपर्यंत मोजलं. त्या पाच आकड्यांत तरी म्हणता आलं असतं.

पारा गेले त्या दिवशी वही माझ्या टेबलावर ठेवून गेले. मी जागेवर असताना नाही. मी जेवायला गेले होते तेव्हा.

ठकू


३० एप्रिल

चि. ठकू,

तुझे पत्र आले तेव्हा मामी बाहेर गेली होती. परत आल्यावर मी ते तिच्या हाती दिले आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. बऱ्याच वेळाने ती आली आणि म्हणाली, "तुम्हाला यादीत 'पूर्वसूचना' दिसलं होतं ना?"

दिसले होते. तेच तुला लिहायचे आहे.

तू मला सापळ्यात अडकवलेस, हे खरे आहे. ते मी सौम्य करून सांगणार नाही. परंतु तो सापळा चालला, कारण मी शब्द सोडून आकडा पाहिला. चौकशीचे सादरीकरण आहे, एका माणसाची नोकरी टांगणीला आहे हे तू पहिल्याच पत्रात लिहिलेस, आणि त्याखाली 'पूर्वसूचना – एक' असे लिहिलेस. कोणीतरी आधी सांगितले होते, इतके तर त्या एका शब्दात होते. हे शाळकरी मुलानेही विचारले असते. मला 'एक' दिसला आणि नियम आठवला, आणि नियम आठवल्याचा आनंद झाला.

आणखी एक आहे, ते तुझ्या लक्षात आले नसेल. 'कारणे' खोडून 'दार उघडे कसे राहिले' हे मी लिहिले. दार उघडे राहिले की मिटत नव्हते, हाच तर चौकशीचा विषय होता. मी येथे बसून, एकही स्लाइड न पाहता, त्याचा निकाल शीर्षकात लावून मोकळा झालो. समितीने तो उचलला.

मी एकतीस वर्षे हा नियम शिकवला. प्रत्येक तुकडीत कोणीतरी हात वर करून विचारी, "सर, माझ्या एका भागात एकच स्लाइड आहे, काय करू?" मी हसून सांगे, आधीच्यात बसव. त्या स्लाइडवर काय आहे, असे मी एकालाही विचारल्याचे आठवत नाही. दोन दिवस आठवून पाहिले. काही चेहरे आठवले. एक मुलगी होती, ती "पण सर" म्हणाली होती आणि मी पुढच्या शंकेकडे वळलो होतो. तिच्या स्लाइडवर काय होते ते आता कधीच कळायचे नाही.

आता काय करायचे ते तुला माहीत आहे, म्हणून त्याच्या पायऱ्या मी आखून देत नाही. अध्यक्षबाईंकडे जा. स्लाइड नेऊ नकोस, चिठ्ठ्या ने. आणि माझे नाव घ्यायचे असेल तर घे, फक्त त्याच्या आड उभी राहू नकोस.

मामीने तुझ्यासाठी दोन वाक्ये सांगितली आहेत. पहिले: "तिला म्हणावं, जेवत जा." दुसरे: "पाराच्या घरी जा, बोलावणं येण्याची वाट बघू नको."

मामा


२३ मे

ती. मामा,

अध्यक्षबाईंना भेटले. तिन्ही चिठ्ठ्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी उंबरठ्यांचा तो कागद फाइलमधून काढला, दोन्ही बाजूंनी बघितला.

"हे सतराव्या स्लाइडवर होतं म्हणता?"

"होतं."

"आणि मीच म्हटलं, तिसऱ्याकडे या."

"तुम्ही म्हणावं म्हणूनच ते तिथे ठेवलं होतं."

त्यांनी ते लेखी मागितलं. नंतर लेखी दिलं तेव्हा तुमचं नाव घातलं नाही. घालायला जागाच नव्हती. सरळ लिहिलं तर सगळं अर्ध्या पानात मावतं. निकाल बदलला आहे. पारांच्या नावापुढचा शेरा काढला, परत रुजू व्हावं असं पत्र त्यांना गेलं. माझं विभागप्रमुखपद गेलं. पहिल्या तारखेपासून मी नोंदणीच्या खिडकीवर बसेन.

मग पारांच्या घरी गेले. जिना चढताना तुम्हा दोघांची फार आठवण झाली. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. मला ओळखलं, आत घेतलं, पाणी दिलं आणि आत गेल्या. पारा फुलांच्या एका मोठ्या दुकानात लागले आहेत. तिथेही थंड खोली आहे, तिचं बघतात. नुकतेच कामावरून आले होते.

"पत्र मिळालं," म्हणाले. "पण मी येणार नाही, बाई."

मी म्हटलं, मी आता तिथे वरिष्ठ नाही, माझ्यामुळे नको असेल तर.

"तुमच्यामुळे नाही. तिथे बावीस वर्षं वही लिहिली. इथेही लिहितो, दोन-दोन तासांनी. पण इथला मालक घरी जायच्या आधी ती वाचतो. परवा म्हणाला, सोमवारी अर्धा अंश जास्त का हो? मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. फुलांसाठी विचारत होता."

त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, "विचारायचं होतं ना तुम्हाला, ते विचारा आता."

पारा थोडे अवघडले. "विचारायचं म्हणजे... त्या माझ्या तीन चिठ्ठ्या. तुम्ही वाचल्या होत्या? म्हणजे तेव्हा?"

मामा, इतक्या दिवसांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं. समितीनेही नाही, तुम्हीही नाही. सगळे धरूनच चालले होते की वाचून दुर्लक्ष केलं. मीही तसंच म्हणत होते. त्यात निदान वाचल्याचं श्रेय होतं.

"नाही," मी म्हटलं. "नुसती सही केली. वाचल्या त्या नंतर, चौकशीसाठी कागद काढले तेव्हा."

मला वाटलं, आता जा म्हणतील.

"मला वाटायचं, मी नीट लिहिलं नाही," ते म्हणाले. "पहिली जरा घाईत लिहिली होती. दुसरी नीट लिहिली, तरी काही झालं नाही. तिसरी तर हिच्याकडून तपासून घेतली. म्हटलं, आपलीच भाषा कमी पडते आहे."

मग त्यांनी खुर्ची थोडी पुढे घेतली. "पहिली सांगतो," म्हणाले, आणि तोंडपाठ सांगायला लागले. तारीख, वेळ, दाराची कोणती बाजू, किती अंश. दुसरी सांगितली. तिसरी सांगताना एका शब्दाला अडले, तो त्यांच्या पत्नीने आतून सांगितला. मी ऐकत होते. मधे "हो" म्हणावंसं वाटलं, पण म्हटलं नाही.

"एवढंच होतं, बाई," ते म्हणाले.

ठकू